कानामागची बट

३१ डिसेंबर, मंगळवार

आजपासून मी आया! ताई सकाळच्या कलबुर्गी गाडीत चढली आणि अमूनं माझ्या शर्टाला नाक पुसलं. तिचं नर्सिंगचं ट्रेनिंग अठरा दिवसांचं. दाजी कारखान्यावर, गाळप सुरू आहे, त्यांना जेवायलाही सवड नाही. आई गुडघ्यांनी बेजार. राहिलं कोण? मी. व्यंकट, वय सव्वीस, पोलीस भरतीचा निकाल लागेपर्यंत रिकामा.

"मामा असून एवढं बी जमंना व्हय तुला?" — इति आई.

अमू म्हणजे अमरेश, पावणेदोन वर्षांचा. केस पाठीपर्यंत, वर लाल रिबीन. भालकीच्या स्टँडवर सगळे त्याला पोरगीच समजतात. ताईचं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. तेव्हा ती मैलारच्या खंडोबाला बोलली होती — पुढचं जगलं तर जावळ तुझ्या पायरीवर काढीन, तोवर केसांना लोखंड लागू देणार नाही. १९ तारखेचा रविवार ठरलाय. माझ्या मांडीवर बसवून काढायचं. मामाचा मान!

जाताना ताई एवढंच म्हणाली, "बाकी काय बी होऊ दे, केस तेवढे जप."

२ जानेवारी

चड्ड्या पाच. माझी चादर एक. वेळ अमावस्येच्या सणाची उरलेली पातळ भज्जी अर्धी त्याच्या पोटात, अर्धी माझ्या कानात.

दुपारी हरलो. शेजारच्या शिवकन्या अक्का भिंतीवरून म्हणाल्या, "द्या इकडं. तुमच्यानं न्हाई व्हायचं ते." त्यांच्या शिलाई मशीनपाशी रिकामी रिळं लावत तो तासभर गप्प बसला. वर दोन भाकरीचे तुकडेही खाल्ले! माझ्याकडं खायला काय त्याला काटे टोचतात?

अक्कांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. जावळानंतर घालायला त्या अमूला टोपडं शिवायल्यात. "टक्कल झाल्यावर ऊन लागंल की त्याला." टेपनं डोकं मोजलं तेव्हा अमू हसत सुटला होता.

४ जानेवारी

"मामा" म्हणाला!! मला बघून, स्पष्ट! मी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरलो. मग तो म्हशीलाही मामा म्हणाला. असू दे.

७ जानेवारी, मंगळवार

कुठं तरी लिहायलाच पाहिजे.

दुपारी मागच्या अंगणात गाडीच्या ट्यूबचं पंक्चर काढत होतो. मोबाईलवर मॅच. अमू शेजारी. शेवटची षटकं होती, मी पाच मिनिटं — दहा असतील — त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं तेव्हा सोल्यूशनची ट्यूब त्याच्या हातात, आणि उजव्या कानामागचे केस सगळे एका गोळ्यात. खोबरेल लावलं. गरम पाणी लावलं. ओढलं की तो किंचाळायचा, आणि गोळा तर कातडीला चिकटत चालला होता.

कापले. माझ्या मिशीच्या कात्रीनं.

आई देवळात गेली होती. पलीकडं मशीनचा आवाज बंद होता, म्हणजे अक्का दुपारच्या आडव्या झाल्या असणार. कुणी बघितलं नाही. वरचे केस खाली ओढून रिबीन बांधली, काही कळत नाही. बट फेकवेना. देवाची ती. कागदात गुंडाळून याच वहीत ठेवलीय.

ताईचा फोन आला. "केस बरे हायेत का रे?" म्हणालो, एकदम झकास.

९ जानेवारी

वही उघडली की सोल्यूशनचा वास येतो.

१२ जानेवारी, रविवार

आईनं न्हाऊ घालताना केस वर केले.

मग तांब्या ठेवला. "लोखंड लागलंय ह्याला. कुणी कापलं?" मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "मूल न्हाई त्या बाया कापून नेतेत जावळाची बट. आपली कूस उजवावी म्हणून. दुपारी कुणापाशी होता ह्यो?"

मी म्हणालो, "अक्कापाशी असतोय रोज."

एवढंच. यात एक शब्द खोटा नाही! रोज असतोच तो तिथं. पण आईचा चेहरा बदलला तो मी बघितला, आणि तरी पुढचं वाक्य गिळलं. वाटलं, आज बोललो तर मांडीचा मान गेला, ताई जन्मभर तोंड बघणार नाही. म्हणे पोलीस व्हायचंय.

१४ जानेवारी, संक्रांत

अमूचं बोरन्हाण झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका. अक्कांना बोलावणं नाही. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले, पोरं तुटून पडली, अमू मध्ये बसून टाळ्या वाजवतोय — आणि भिंतीपलीकडं मशीन चालू. सणाच्या दिवशी.

अमू उठून भिंतीपाशी गेला. अक्कांना मारतो तशी "अत्ता, अत्ता" हाक मारून हात वर केले. मशीन थांबलं. आईनं त्याला उचलून आत नेलं. मशीन बराच वेळ बंदच होतं.

माझ्या तोंडात तिळगूळ होता. थुंकला.

१६ जानेवारी, गुरुवार

नळावर सगळ्यांना कळलंय. अक्कांची सासू, पार्वतीबाई, ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "आमच्या घराला बट्टा लावली! तिच्या गावाला, राजेश्वरला नेऊन सोड म्हणलं इलासला. ऱ्हाऊ दे माहेरात."

संध्याकाळी तो विलास, अक्कांचा नवरा, माझ्याकडं आला. टमटम रस्त्यातच उभी केलेली. आत ये म्हटलं तर आला नाही.

"व्यंकट, तू घरातच असतोस. अमूचे केस कुणी कापले, तुला म्हाईत हाय का? खरं सांग."

मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

तो म्हणाला, "बरं." गेला.

१२ तारखेचं वाक्य खरं होतं म्हणून स्वतःची समजूत घातली होती. आजच्याला तेवढीही सोय नाही. धडधडीत खोटं. आणि ते तोंडातून किती सहज निघालं!

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी अक्का गेल्या. एक पिशवी, एक पेटी. मशीन टमटममध्ये मावलं नाही, ओसरीवरच राहिलं. मी दाराआड उभा होतो. दाराआड! सव्वीस वर्षांचा घोडा.

दुपारी ताई आली. आल्या आल्या आईनं तिला सगळं सांगितलं. अमूला उराशी धरून कानामागं बोट फिरवत बसली. "व्यंकट, ह्याला काय व्हणार न्हाई ना रे? देव रागावला असंल का?" तिचा आवाज त्या आठ दिवसांच्या बाळाच्या वेळी असा झाला होता. मी पाणी आणायला उठलो आणि मोरीत तोंड धूत राहिलो.

१९ जानेवारी, रविवार

मैलार. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या. नवं धोतर नेसून मी मांडी घातली, अमूला घेतलं. न्हाव्यानं केस ओले केले, उजव्या कानापाशी थांबला. "इथलं अगोदरच कापलंय की. कोण?"

आई म्हणाली, "हाय एक बाई आमच्या शेजारी—"

खिशात वहीतली बट होती. गुपचूप बाकीच्या केसांत मिसळून टाकायची म्हणून आणलेली. हे सुद्धा लिहून ठेवतो, म्हणजे मी शूर होतो असं उद्या वाटायला नको. पण "बाई" ऐकल्यावर हातानं ती बाहेर काढली. काळा चिकट गोळा, त्यावर केस.

"मी कापलंय. पंक्चरचं सोल्यूशन लागलं होतं. अक्कानं न्हाई."

ताईनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसतं अमूला माझ्या मांडीवरून उचललं आणि स्वतः पायरीवर घेऊन बसली. न्हाव्यानं पुजाऱ्याकडं बघितलं. पुजारी म्हणाला, "चालतंय, माय हाय ती." जावळ निघालं. अमू रडला, मग मला बघून "मामा" म्हणाला. मी वर बघू शकलो नाही.

परतीच्या गाडीत आई एकदाच बोलली. "मी तर शिकलेली न्हाई. तू कामून गप ऱ्हायलास रे?"

२० जानेवारी, सोमवार

आईला घेऊन राजेश्वरला गेलो. आईनं अक्कांचे पाय धरायला हात पुढं केला, अक्कांनी तो धरून तिला बाजेवर बसवलं. मी म्हणालो, बट मी कापली होती.

"म्हाईत हाय," अक्का म्हणाल्या. "त्या दुपारी मी गच्चीवर कापडं वाळू घालायले होते. बघितलं मी तुम्हाला."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की. यांना सांगितलं. म्हणूनच तर आले होते तुम्हाला विचाराय."

टोपडं शिवून तयार होतं. ते त्यांनी आईच्या हातात दिलं. आमच्यासोबत त्या आल्या नाहीत.