देश ठरेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही

२ एप्रिल, दुपार

आज एकदाचं लिहायला घेतलं. ही डायरी टायर कंपनीवाल्यांनी बाबांना त्यांच्या पंक्चरच्या दुकानात जानेवारीत दिली. मी तेव्हाच ताब्यात घेतली होती. आधी पेन नव्हता. मग पेन आला, तर मूड नव्हता. वीस मार्चला तर लिहायलाच पाहिजे होतं, तरी तेरा दिवस ढकलले. मोठ्या गोष्टी घाईनं लिहू नयेत.

मोठी गोष्ट ही की नागपूरच्या एका प्रतिष्ठाननं उन्हाळी भाषा-शिक्षणासाठी वर्धा जिल्ह्यातून एकच जण निवडला, तो मी. जून-जुलै, आठ आठवडे, परदेशात. जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांचं. देश दोन आहेत, जपान आणि जर्मनी. त्यातला एक मी निवडायचा. तीस एप्रिलपर्यंत देशाचं नाव आणि पासपोर्ट नंबर कळवायचा, नाहीतर सीट वेटिंगवाल्याला जाईल. तो पुलगावचा कोणी आदेश आहे. बिचारा.

टेस्ट मी चौरस्त्यावर चहा पिता पिता मोबाईलवर दिली होती. अर्धे प्रश्न वाचलेही नाहीत. याला टॅलेंट म्हणतात.

घरी सांगितलं नाही, सांगणारही नाही. आमच्या जाम गावची माणसं. चारी दिशांना हायवे जातो आणि ही एकाही दिशेला जात नाहीत. यांना काय जपान समजणार. देश ठरला की तिकीट हातात घेऊन डायरेक्ट एअरपोर्टवरून फोन.

३ एप्रिल

वर्ध्याला जाऊन पासपोर्टचे कागद दिले. फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पोलीस घरी येऊन चौकशी करतील, घरच्यांना सांगून ठेवा. मी हो म्हटलं. सांगायचं काय त्यात? पोलीस येईल, बघेल, जाईल.

निश्चय: उद्यापासून रोज तीस शब्द जपानी, तीस जर्मन. एक महिन्यानं दोन्ही भाषा हातात. मग देशांनीच ठरवावं.

५ एप्रिल

जपानी पाहिली. तीन लिप्या आहेत. ज्यांचं एका लिपीत भागत नाही त्यांची भाषाच कच्ची. शिवाय तिथं ट्रेनमध्ये कोणी बोलत नाही. बोलायचंच नाही तर मी भाषा शिकू कशाला?

शब्द: दोन. निश्चय रोज दहावर आणला. क्वालिटी महत्त्वाची.

६ एप्रिल, रविवार

जर्मन पाहिली. टेबल पुरुष, दिवा बाई, पुस्तक नपुंसक. असल्या लोकांनी गाड्या कशा बनवल्या कोणास ठाऊक. ताई आली होती. काजलताई सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे, हॉस्टेलवर राहते, रविवारी येऊन घर झाडते आणि मला. तिला सहज म्हटलं, काही भाषांमध्ये निर्जीव वस्तूंना पण लिंग असतं, किती मागास. ती म्हणे, पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, तुले मराठी कोनं शिकवली बे?

नर्सिंगमध्ये माणसाची दृष्टी संकुचित होते.

९ एप्रिल

काल वर्ध्याला जपानी लोकांनी बांधलेल्या शांतिस्तूपाकडे निघालो होतो. शांत बसून जपान सूट होतो का ते पाहायचं होतं. चौरस्त्यावर एक ट्रकवाला भेटला, वरोऱ्याला चालला होता. तो म्हणाला, चल. गेलो. वरोऱ्यात काही नाही, हे स्वतः जाऊन तपासलं. आज सकाळी परत.

आई विचित्र वागून राहिली आहे. आल्या आल्या दार लावलं, जेवायला वाढलं आणि हळूच विचारलं, कोणाशी मारामारी केली का, कोणाची पोरगी-बिरगी आहे का. माझ्यात काहीतरी बदल झालाय एवढं तिला जाणवलं असणार. पण या बाईची कल्पना मारामारी आणि पोरगी यांच्यापुढं जातच नाही. मी गूढ हसलो. ती रडायला लागली.

१२ एप्रिल

जयंती दोन दिवसांवर. समोरचा तानबा दिवसभर कपड्यांना इस्त्री करतो आणि जयंती कमिटीचा अध्यक्ष आहे. दरवर्षी मला स्टेजच्या कामाला धरतो. यंदा मी स्वतः गेलो, तर मला बाजूला घेऊन म्हणे, तू यंदा नको येऊ, चौरस्त्यावरही नको दिसू, समुद्रपूरले माह्या बहिणीकडे जाऊन राह्य काही दिवस. खांद्यावर हातही ठेवला.

जळतो, दुसरं काय. माणूस मोठा होताना दिसला की यांना तो नजरेसमोर नको असतो.

१५ एप्रिल

जयंती गच्चीवरून पाहिली. आई खाली उतरू देईना. रात्री बाबा म्हणाले, उद्या पुलगावला कैलासमामाकडे जा, पंधरा दिवस तिकडेच राह्य. बाबा एरवी पंक्चर सोडून कशावर बोलत नाहीत. मी विचार केला, चांगलंच आहे. एकांत मिळेल, देश ठरेल.

१७ एप्रिल, पुलगाव

मामा लष्कराच्या डेपोत कामाला आहे. मामा मला घराबाहेर पडू देत नाही. दुकानातून काही पाहिजे असेल तर मामी आणते. दारावर कोणी आलं की मला आतल्या खोलीत पाठवतात. इथं निदान अभ्यासाची कदर आहे.

निश्चय: रोज पाच शब्द.

२१ एप्रिल

जर्मनीवर एक व्हिडिओ पाहिला, त्याखाली दुसरा आला, तो नॉर्वेचा होता. नॉर्वे फार चांगला देश आहे. लिस्टमध्ये नाही ही प्रतिष्ठानची चूक. मेल लिहायला घेतला. अर्धा झालाय.

एकूण शब्द: जपानी चार, जर्मन तीन, नॉर्वेची भाषा सहा.

२५ एप्रिल, जाम

आज मोबाईलवर पासपोर्टचं स्टेटस पाहिलं. पोलीस रिपोर्ट प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

तडक घरी आलो. दारातूनच ओरडलो की या घरात मी चोवीस वर्षं राहतो आणि पोलीस म्हणतात राहत नाही. आई पातेलं घेऊन बाहेर आली. म्हणाली, हो, मीच सांगितलं.

मग सगळं निघालं. मी वरोऱ्याला होतो तेव्हा हवालदार आला होता. अश्वजित बाबाराव कुठं राहतो, विचारत होता. आईनं सांगितलं, तो इथं राहतच नाही, वर्षभरापासून कुठं गेला माहीत नाही. हवालदारानं तानबाला विचारलं. तानबा म्हणाला, कोण अश्वजित? मग हवालदार गल्लीत पाच घरं फिरला. पाचही घरांनी मला ओळखायला नकार दिला. एकीनं तर सांगितलं, बाबारावले एकच पोरगी हाय. मी पुलगावला असताना तो पुन्हा आला. पुन्हा तेच. तोपर्यंत यांची प्रॅक्टिस झाली होती.

मी म्हटलं, अगं पासपोर्टची चौकशी होती ती. परदेशात जायचंय मला.

आई खाली बसली. तिच्या डोक्यात ते जायला वेळ लागला. मग म्हणाली, "पोलीस पोराचं नाव घेऊन दारात आला तं कोन्ती माय घर दाखवते? तू एका शब्दानं सांगितलं असतं तं मी त्याले चहा पाजला असता."

मी म्हटलं, तुम्हाला सांगून समजलं असतं का?

आई पातेलं उचलून आत गेली. बाबा उठून दुकानात गेले. अडाणीपणा उघडा पडला की माणसं अशी उठून जातात.

२६ एप्रिल

आज गल्लीनं इज्जत घालवली. सकाळी तानबा कमिटीचा टेम्पो घेऊन दारात. जयंतीचं बॅनर अजून त्याला लटकत होतं. आई, तानबा, ती पाचही घरं, चार म्हाताऱ्या, अकरा जण ठाण्यात. सगळे एकदम सांगायला लागले की मी इथंच राहतो, लहानपणापासून राहतो, कधी कुठं गेलोच नाही. एका म्हातारीनं माझ्या जन्माची वेळ पण सांगितली.

हवालदारानं शांतपणे वही काढली. म्हणाला, "मागच्या हप्त्यात सात जनं म्हनत होते राह्यत नाई. आज अकरा जनं म्हनते राह्यते. त्यातले सात तेच हाय. मी आता कोन्तं लिहू, सांगा."

तानबा म्हणाला, साहेब, तेव्हा खोटं बोललो, आता खरं बोलून राह्यलो. हवालदार म्हणाला, हे पण लिहून देता का? सगळे मागं सरकले. तानबानं मात्र पुढं होऊन सही केली. त्याला अक्षर धड येत नाही, सहीला दोन मिनिटं लागली.

नवीन रिपोर्ट जाईल, पण पासपोर्ट यायला तीन आठवडे. म्हणजे तीस तारीख गेली. अकरा माणसांनी मिळून माझं जपान बुडवलं. किंवा जर्मनी.

२९ एप्रिल

नागपूरला फोन केला. सोनम मॅडम म्हणून आहेत, प्रतिष्ठानचं सगळं त्याच पाहतात. मी त्यांना आमच्या गल्लीबद्दल, खेड्यातल्या मानसिकतेबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, असं होतं, पासपोर्ट मेअखेर आला तरी चालेल, मी सीट धरून ठेवते. तुम्ही फक्त देश सांगा, आत्ता फोनवर लिहून घेते.

म्हटलं, दोन दिवस द्या.

त्या म्हणाल्या, महिना झाला की. म्हटलं, मॅडम, आयुष्याचा प्रश्न आहे, असा फोनवर देश सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, उद्या संध्याकाळी सहापर्यंत.

प्रेशर टाकणाऱ्या लोकांबद्दल मला आदर राहत नाही.

३० एप्रिल, दुपारी ४

जपान. ठरलं.

३० एप्रिल, ४.२०

पण भूकंप.

३० एप्रिल, ५.१०

ताईला फोन लावला. ती ड्यूटीवर होती. म्हणे, चिठ्ठ्या टाक नाहीतर डोळे मिटून सांग, पण सांग, अश्वा, तिथं जाऊन दोन महिने राह्यला तं तुह्या जिंदगीत एक तरी गोष्ट पुरी झाली म्हणता येईल. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. पेशंट असेल समोर.

चिठ्ठ्या टाकणं माझ्या लेव्हलचं नाही. चौरस्त्यावर फेरी मारून येतो, डोकं मोकळं होईल.

३ मे

फेरी थोडी लांबली. हिंगणघाटला टेनिस बॉलच्या टुर्नामेंटची फायनल होती, अंपायर आलाच नव्हता. मी नसतो तर मॅच झालीच नसती.

आज देश पक्का. जर्मनी. मॅडमना मेल टाकला, कारणांसहित दीड पान. जपान माझ्या आयुष्यातून कायमचा बाद. मासे कच्चे खाणाऱ्यांचं आणि माझं जमलं नसतं.

६ मे

उत्तर आलं. सीट एक तारखेलाच आदेशला दिली. मॅडमनी त्याला फोन केला तेव्हा तो शेतात होता, देश विचारला तर 'कोणताही चालेल' म्हणाला. कोणताही! अशा माणसाला ना जपान कळलं ना जर्मनी. तो आठ आठवड्यांत काय शिकणार? आजपासून नागपूरला जपानीच्या क्लासला बसतोय म्हणे.

आईला सांगितलं. तिनं गॅस बंद केला. संध्याकाळी तानबा येऊन बाबांशेजारी बसला. म्हणाला, आपल्याच तोंडानं पोराचं नुकसान झालं, बाबाराव. बाबा म्हणाले, नाई, त्याच्या. मी आतून ऐकलं. बाबांना कॉम्प्लिकेटेड गोष्टी समजत नाहीत.

१२ मे

सोनम मॅडमचा फोन आला, पण बाबांना. अर्धा तास बोलले. बाबांनी इतके शब्द दहा वर्षांत वापरले नसतील. प्रतिष्ठानचं उलटंही चालतं म्हणे. तिकडची माणसं इकडे मराठी शिकायला घरी येऊन राहतात. वर्ध्याचं एक घर ऐनवेळी नाही म्हणालं. मॅडमना आमची गल्ली आठवली, मीच वर्णन केली होती ती. जिथं सात जण एका पोरासाठी पोलिसाशी खोटं बोलतात, तिथं माणूस सेफ राहील, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी हो म्हणून टाकलं. माझी खोली जाणार. मी बाबांसोबत दुकानात झोपायचं.

कोणत्या देशाचा, विचारलं. बाबा म्हणाले, "मानूस येऊन राह्यला. त्याले देश काऊन विचारू?"

१४ मे

शांतपणे विचार केला. जर्मनीत सेमिस्टर संपत असणार. म्हणजे जर्मन स्टुडंट. मुलीच जास्त येतात अशा प्रोग्रामला. माझा दीड पानी मेल मॅडमनी नक्कीच पुढं पाठवला असणार. मी जर्मनी निवडला आणि जर्मनी माझ्या घरी येऊन राहिली. आदेशनं बसावं तिकडे ट्रेनमध्ये गप्प.

निश्चय: रोज पन्नास शब्द. केस कापणे.

१८ मे

केस कापले. शब्द: आठ. तानबाकडून शर्टाला इस्त्री करून घेतली. त्यानं चेष्टा केली नाही, उलट कॉलर दोनदा केली. पाहुणी उद्या संध्याकाळी येणार.

१९ मे, सकाळी ११.४०

घाईत लिहितोय. अंघोळीला निघालो होतो तर बाहेर ऑटो थांबली. सहा तास आधी. गल्ली सगळी दारात आहे. खिडकीतून पाहिलं.

जपानी आहे. पुरुष. वय अडुसष्ट. चौरस्त्यावर बसमधून उतरून त्यानं स्वतः ऑटोवाल्याला पत्ता सांगितला. ऑटोवालाच गल्लीला सांगतोय, कोणाच्या घरी विचारलं, तर म्हणाला, बाबाराव टायरवाले. बूट काढून आईला वाकून नमस्कार केला. निवृत्त पोस्टमन आहे, चार महिन्यांपासून रोज पहाटे मराठी शिकतोय, हे तो मराठीत सांगून राहिला आहे आणि आईला सगळं कळतंय. त्यालाही दोन देश दिले होते, नेपाळ आणि भारत. पत्र वाचून झालं आणि त्याच दिवशी उत्तर टाकलं म्हणे.

आई हाक मारून राहिली आहे, अश्वजित, बाहेर ये, पाहुण्याची बॅग आत घे, ते तुलेच विचारून राह्यले.