आठवी ओ

मोखाडा,
२० सप्टेंबर

प्रिय वेणू,

माझं अक्षर बघून तू हसशील. आश्रमशाळेत माझा गृहपाठ तूच लिहायचीस आणि त्या बदल्यात मी तुला मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवायचे. दाभोशाला तुझ्या भावाकडे रेंज येते, तरी फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी चेष्टेवारी नेऊन वेळ मारून नेली असती. माझा स्वभाव मला माहीत आहे.

पाड्यावर सगळं ठीक आहे. नागली पोटरीला आली आहे. तुझी रविना चौथीत गेली, दोन वेण्या घालते. परवा शाळेच्या वाटेवर मला अडवून म्हणाली, "मावशी, आईचा आवाज कसा आहे, काढून दाखव ना." वर्षभरात तिला तुझ्याकडे एकदाही पाठवलं नाही तुझ्या सासरच्यांनी. मी नाही येत म्हणाले. ती खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तशी बघत राहिली. मला तुझा आवाज हुबेहूब काढता येतो, वेणू. त्याच आवाजाबद्दल लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढात आपण आठजणी भाताच्या आवणीच्या मजुरीला निघालो होतो. खालच्या रस्त्यावर मंगेशची जीप उभी असणार होती, आणि तो कुणासाठी थांबत नाही. सकाळचे सात वाजले तरी धुकं असं, की पुढचीची पाठ दिसेना. सकूआजी सगळ्यांत पुढे, मी सातवी, तू शेवटची. रानात नाव घ्यायचं नाही, म्हणून आजी कूक घालायची, पहिली ओ स्वतःच द्यायची आणि मग आपण ओळीनं ओ द्यायचो. आठवी ओ आली की पाय उचलायचे. निघताना तिनं नेहमीसारखं बजावलं होतं, "आपली ओ आपुनच द्यायची. दुसरीची ओ दिली का तिची जागा रिकामी होते. मंग तिथं कोन पण येल."

करवंदीच्या जाळीपाशी तुझ्या चपलेचा बंद तुटला. तू खाली बसलीस, मला म्हणालीस, हो पुढं, आलेच. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. दहा-बारा पावलांवर आजीनं कूक घातली. सहा ओ झाल्या, मी माझी दिली. मागे तू नव्हतीस. आता आजी थांबणार, जीप जाणार, सगळ्या मला बोलणार, असं वाटलं. मी पदर तोंडाशी धरला आणि तुझ्या बारीक आवाजात आठवी ओ दिली. कुणाला शंकासुद्धा आली नाही. मला हसू आलं होतं, हेही लिहिते.

जीपपाशी सातजणीच भरलो. मंगेश हॉर्न वाजवत होता आणि सकूआजी बोट दाखवून पुन्हा पुन्हा आमची तोंडं मोजत होती. आठही ओ तिनं स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या. मग ती ओ कुणी दिली, असं प्रमिलानं विचारलं आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. परत वर जायला एकीचं पाऊल उठेना. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुपारी गुरं वळताना लाडक्याबाबाला तू घळीत सापडलीस, पाय मोडलेली.

तू शुद्धीवर येऊन म्हणालीस, मी ओ दिली होती. त्या एका वाक्यानं तुझं घर तुटलं. तुझी सासू पोशीकाकू म्हणाली, ओ देणारी बायांच्या मागं वाटेवर होती आणि ही घळीत होती, मग घरी आणली ती कोण? तुझं ताट वेगळं झालं, रविनाला तुझ्याजवळ झोपू देईनात. पंढरी तुझा नवरा, पण त्यानंही तुझ्या डोळ्यांत बघणं सोडलं. शेवटी तुझा भाऊ तुला घेऊन गेला. यंदा आवणीला आम्ही लांबच्या वाटेनं गेलो, एकमेकींचे पदर धरून. धुक्यात कूक कुणी घातली नाही. चालताना मला सारखं वाटत होतं, की माझाही पदर मागून कुणीतरी धरलाय. आणि शेवटची तर मीच होते.

हे सगळं मी काल सकूआजीला सांगितलं. ती म्हणाली, पण कूक तर मी दोनदा घातली होती. रविवारी ती आणि मी पोशीकाकूच्या दारात उभ्या राहणार आहोत आणि तिथून रविनाला घेऊन तुझ्याकडे येणार आहोत. तू मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल. पण ती दुसरी कूक राहिलीच. ती ओढ्याच्या वरच्या अंगाला घातली होती. सात ओ झाल्या, आणि आठवी आली. या खेपेला ती मी दिली नव्हती. आवाज मागच्या वाटेवरून आला नाही, डाव्या हाताला, खोल खालून आला. पुढच्यांना धुक्यात दिशा कळली नाही, मला कळली. वाटलं, तुझी जागा मी रिकामी केली आणि आता तिथं बाहेरचं काहीतरी आलं. मी कान झाकले आणि पुढचीला ढकलत धावत सुटले. वेणू, तुला वेड लागलेलं नाही. तू ओ दिली होतीस. मी ऐकली होती.

तुझीच,
पुष्पा