सलग बोलणारा रुग्ण

रेवदंडा

तपासनीस साहेबांना नमस्कार.

ह्यांच्या ऑक्सिजन मशीनचा विम्याचा क्लेम तुम्ही नाकारलात. कारण लिहिलंत, ‘रुग्ण सलग बोलतो, मशीनची गरज दिसत नाही.’

अहो, नळी नाकात होती म्हणून तर बोलले. त्याआधी वर्षभर मलासुद्धा टाळी वाजवून बोलवायचे. हाक मारण्याइतका दम नव्हता. तुम्हाला मात्र वाडीतल्या एकेका माडाची कुळकथा ऐकवली.

एजंट म्हणतो, अपील करा. पुन्हा तपासणीला येतील तेव्हा मशीन बंद ठेवा, हे आपोआप गप्प होतील.

मला ते जमायचं नाही, म्हणून अपील करणार नाही आणि हे पत्रही टाकणार नाही.

आत्ता ओटीवर नारळ पाडायला आलेल्या माणसाला तीच कुळकथा ऐकवणं चाललं आहे. विहिरीजवळच्या माडापाशी आले की आमचं लग्न येतं. तेवढं ऐकते आणि मग चहा टाकते.

तुमच्यावर न रागावलेली,
गोदावरी