आईंची खुर्ची डिकीत बसते का

ता. ६ जानेवारी

वन्संना,
सा. न. वि. वि.

नमस्कार झाला, आता कामाचं. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की मी तुमच्या आईला घरात कोंडून ठेवलंय, आणि मी फोन आपटला. आपटला म्हणजे खरोखरच आपटला, काच गेली त्याची. तुमचा दादा म्हणाला, तुम्ही दोघी फोनवर बोलता कुठे, नुसत्या ओरडता, ऐकायला दोन्हीकडे कुणीच नसतं. त्यापेक्षा पत्रं लिहा, निदान एकीचं संपल्यावर दुसरी सुरू करेल. म्हणून हे पत्र. शाळा मी लहानपणीच सोडली, तेव्हा चुकांवर लाल शाई ओढत बसू नका. तुम्ही हेडबाई तुमच्या शाळेत, माझ्याकडे वन्सं.

तर ऐका. मी गाडी घेतेय. साधीसुधी नाही, मोठे साहेब मागे बसून पेपर वाचत जातात ना, ती लांब डिकीवाली. सेडान म्हणतात तिला. कमरेच्या ऑपरेशननंतर आईंना डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिलीय, पण धक्का बसता कामा नये आणि पाय लांब करता आले पाहिजेत. आपल्या लाँड्रीच्या टेम्पोत ते कसं व्हावं? दवाखान्यातून आणताना चादरींच्या गाठोड्यांत बसवून आणलं होतं, तर एकेका खड्ड्याला एकेका पूर्वजाला हाक मारत होत्या. तुमच्याकडचा रस्ता तर सगळा घाटाचा. तुम्ही घर बांधलंत, आईंनी अजून त्याचा उंबरा पाहिला नाही, हे मला काय कळत नाही? पण कळून उपयोग काय, पाठीवर टाकून आणू? आता नव्या हॉटेलच्या चादरी माझ्याकडे यायला लागल्यात, हात मोकळा झालाय. तुमच्या शाळेला सुट्टी लागली की आईंना घेऊन येते.

एकच अट ठेवलीय. गाडी आईंनी पसंत करायची. त्या मागे बसणार, त्या हो म्हणाल्या की मी पैसे मोजणार.

कालच एका शोरूमला जाऊन आलो. तिथल्या पोराने पाणी तुमच्या दादाला दिलं, किल्ली दादाला दिली, इंजिनाचं पुराणही दादालाच सांगितलं. दादा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, गाडी ही चालवते, मी फक्त माहितीपत्रकं वाचतो. मग पोरगा माझ्याकडे वळला आणि कोणता रंग आवडेल म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, रंग राहू दे, आधी तू मागे बस आणि कमरेत दुखतंय असं समज. बसला बिचारा. आई बसल्या आणि म्हणाल्या, फार मऊ आहे, यातून उठवायला दोर लावावा लागेल. झालं, ती गाडी गेली.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर वाढवा, मी काही हात धरलेला नाही.

तुमची वहिनी


ता. १३ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. लाल शाई बाहेर काढली होती, पण पहिल्याच परिच्छेदात हात दुखायला लागला, म्हणून ठेवून दिली. कोंडून ठेवलंय हे मी रागात बोलले. आधी तू ओरडलीस हे मात्र खरे आहे आणि ते मी सोडणार नाही.

गाडी घेतेस हे वाचून आधी हसले आणि मग, तुला सांगायला हरकत नाही, डोळे पुसले. आईने हे घर पाहिले नाही ही गोष्ट मला रोज दारातून आत येताना टोचते. कुणी पाहुणा आला की विचारतो, आई येऊन गेल्या का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

खालची खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे. सुताराकडून नवे कपाट करून घेतले, खालचे खण तिच्या हाताला येतील असे. पलंगाची उंची कमी केली. खिडकीतून शाळेचे मैदान दिसते, तिला दिवसभर करमेल. एकदा ती आली की मी काही तिला लवकर सोडणार नाही, हे तुला आत्ताच बजावून ठेवते. इतकी वर्षे तू एकटीने मिरवलीस, आता माझी पाळी.

गाडी बघताना पाय ठेवायची जागा नीट बघ. आणि विकणाऱ्यांना मारू नकोस.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी कजाग नणंद


ता. ३ फेब्रुवारी

वन्संना,
नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र इस्त्रीघरात सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. कपाटाचं ऐकून बायका म्हणाल्या, लेक असावी तर अशी. आई नुसत्या अभ्र्यांच्या घड्या घालत राहिल्या. हल्ली अभ्र्यांचं काम त्यांच्याकडेच आहे. जोड्या लावायच्या, फाटका बाजूला काढायचा. बसून होतं, आणि माझ्या बायकांपेक्षा बरं होतं.

गाडीचं मात्र विचारू नका. माझं डोकं उठलंय. दर रविवारी एक शोरूम. दुसऱ्या ठिकाणी गाडी अशी की आत एक बाई बोलते. दार उघडं आहे म्हणे, पट्टा लावा म्हणे. आईंनी तिला दोनदा हो बाई म्हणून उत्तर दिलं, तिसऱ्यांदा चिडल्या आणि म्हणाल्या, घरात एक आहे तेवढी पुरे. तिसऱ्या ठिकाणी सीट पाठ चोळून देते. आईंना वाटलं मागून कुणीतरी हात लावतंय, त्यांनी पर्स उगारली. तो पोरगा डिकीकडे उभा होता म्हणून वाचला.

डिकीवरून आठवलं. मी तुमच्यासारखी पुस्तकी नाही, मी माप घेऊन बघते. डिकी केवढी हे कागदावर वाचून मला काय कळणार? म्हणून मी आईंचं सामानच टेम्पोत टाकून बरोबर नेते. त्यांची पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, न्हाणीघरातलं स्टूल आणि त्यांची ती हातांची लाकडी खुर्ची. त्या खुर्चीशिवाय त्यांची कमर धरते, मग तुमच्याकडे काय जमिनीवर बसवू? प्रत्येक शोरूममध्ये सगळं डिकीत भरायचं, झाकण लागतं का बघायचं आणि परत काढायचं. दादा लाजून दूर फुलांच्या कुंडीपाशी उभा राहतो. आई खुर्ची आत जाताना मात्र टक लावून बघतात.

चौथ्या गाडीत सगळं बसलं. खुर्चीसकट! सीट अशी की मी स्वतः दोन मिनिटं डोळे मिटले. चालवायला निघालो तर खड्डा आला कधी गेला कधी, कळलं नाही. वळून बघते तर आई तोंड उघडं टाकून ढाराढूर, घोरताहेत. त्या ऑपरेशनपासून दुपारी पाच मिनिटं डोळा लागला नव्हता त्यांचा. मी हळूच शोरूमवाल्याला म्हटलं, कागद काढ. तोवर आई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, ही नको, हिच्यात बरं वाटत नाही.

वन्सं, मी तिथेच कपाळावर हात मारला. घोरणाऱ्या माणसाला बरं वाटत नाही हे मी पहिल्यांदा ऐकलं. आता तुम्हीच सांगा काय करू. नाहीतर न विचारता उचलून आणते एक.

लोभ शिल्लक असेल तर पाठवा, इथला संपत आलाय.

तुमची वहिनी


ता. १० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

पत्र वाचून शिक्षकांच्या खोलीत मोठ्यांदा हसले. घरी येऊन पुन्हा वाचले तेव्हा हसू आले नाही.

वहिनी, तू इतकी हुशार, तुझ्या लक्षात कसे आले नाही? ज्या गाडीत ती झोपली, तिलाही ती नको म्हणते. म्हणजे दोष गाडीत नाही. तिला इकडे यायचेच नाही. तुला तोंडावर सांगता येत नाही, म्हणून ती सीटना नावे ठेवते.

तू गाडी घेऊ नकोस. घेतलीस तर तुझ्या हौसेला घे, माझ्यासाठी नको. मी खालच्या खोलीत शाळेच्या जुन्या वह्या ठेवायला घेते, जागा वाया कशाला घालवायची. तिला यातले काही वाचून दाखवू नकोस. तिला इथे का यायचे नाही तेवढे मात्र मला कळायला हवे होते. मी काय केले?

आहे तशीच आहे मी, काळजी करू नकोस.

तुझी नणंद


ता. १६ फेब्रुवारी

वन्संना,
नमस्कार नंतर. आधी त्या वह्या बाहेर काढा.

तुमचं पत्र वाचलं आणि तडक इस्त्रीघरात गेले. मला आडून आडून विचारणं जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मशीन बंद करायला लावलं, बायकांना बाहेर काढलं आणि आईंना सरळ विचारलं, लेकीकडे जायचंय की नाही, काय ते एकदाचं बोला. आई अभ्रा खालीवर करत राहिल्या. मग म्हणाल्या, जायचंय गं, पण मग इथल्या अभ्र्यांचं काय करणार आहेस? मी म्हटलं, अभ्रे खड्ड्यात गेले, मी गाडीचं विचारतेय. तर म्हणाल्या, मीही तेच सांगतेय. चार दिवस पाहुणी म्हणून जाणारं माणूस ट्रंक नेईल, फार तर वळकटी नेईल. खुर्ची कोण नेतं? न्हाणीघरातलं स्टूल कोण नेतं? दर रविवारी तू माझं सगळं घर उचलतेस, डिकीत कोंबतेस आणि झाकण लावून बघतेस. तिकडे कपाट तयार आहे, लेक म्हणते सोडणार नाही. म्हणजे दोघींचं ठरलंय. मला फक्त सांगायचं राहिलंय.

वन्सं, मी खाली स्टुलावर बसले. दर रविवारी ही बाई आपली खुर्ची डिकीत जाताना बघत होती आणि मी झाकण लागलं म्हणून टाळ्या वाजवत होते.

मग जे सुचलं ते बोलले. म्हटलं, आई, इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक तरी गोष्ट तोंडावर सांगायची ठेवलीय का? तुमचा चहा कडू होतो हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुम्हाला घालवायचं असतं तर मी तेही तोंडावर सांगितलं असतं. आणि घालवायला एवढी महागडी गाडी घेतली असती होय? टेम्पो होता की दारात!

आईंनी हातातला अभ्रा खाली ठेवला. मग म्हणाल्या, हे मात्र खरं. आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की कमर धरली, मग मला पाठ चोळावी लागली. बाहेरून बायका डोकावून बघत होत्या की आत नक्की काय चाललंय. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, चौथी चांगली होती गं, मला झोप लागली होती तिच्यात. मी म्हटलं, अख्ख्या शोरूमने ऐकली.

काल तीच घेतली. त्या पोराने पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून किल्ली या वेळी माझ्या हातात दिली.

तुम्ही काही केलेलं नाही, कळलं? केलं ते मी. आई तुमच्याकडे येणार, हव्या तेवढ्या राहणार. किती राहायचं ते मला विचारू नका, स्वतःशीही ठरवू नका. त्यांना विचारा. आणि खुर्ची मी आणत नाही, तुमच्या सुताराला सांगा.

आता नमस्कार. लोभ दोन्ही हातांनी पाठवतेय, सांडू देऊ नका.

तुमची वहिनी


ता. ५ मे

वन्संना,
नमस्कार वि. वि.

मी पोचले, कळवायला आठवडा लागला. निघताना मागे वळून हात केला नाही म्हणून रागावू नका. त्या वळणावर मागे बघितलं असतं तर नवी गाडी तुमच्या शाळेच्या भिंतीला घातली असती.

घाट सुरेख गेला. तुमच्याकडे येताना आई सगळ्या रस्त्याने हळू चालव, हळू चालव करत होत्या आणि मी खेकसत होते की याहून हळू म्हणजे ढकलत न्यावी लागेल. एकटी परतताना कुणीच काही म्हणालं नाही. इतकी शांत गाडी, माझाच श्वास मला ऐकू येत होता. मग मी आपली आपणच हळू चालवली. घरी आल्यावर तुमच्या दादाने विचारलं, कशी झाली गाडी? म्हटलं, एका माणसाला फार मोठी आहे.

तुमची चिठ्ठी आजच मिळाली. आई रोज खिडकीत बसून मैदानावरच्या पोरांना ओरडतात, पोरंही आता त्यांना घाबरतात, हे वाचून बरं वाटलं. किती दिवस राहणार म्हणून विचारलंत तर बघू म्हणाल्या. छान झालं. बघू द्या. तुम्ही एवढी वर्षं वाट पाहिलीत, मी चार दिवसांत कुरकुर करेन असं समजू नका. इथे माझं काही अडलेलं नाही. लोक विचारायच्या आधीच मी सांगते, लेकीकडे गेल्यात, मजेत आहेत.

गाडी दारात झाकून ठेवलीय. आज कापड काढून नुसती सुरू करून बघितली. सुरू होते. टाकी भरलेली आहे, हवाही बघून घेतली. तेव्हा आई म्हणतील तेव्हा कळवा. सकाळी कळवा, दुपारी कळवा, मला सगळं सारखंच. घाई अजिबात नाही.

रविवारी लाँड्री बंद असते, एवढंच आपलं कानावर घालून ठेवते.

लोभ आहे तसाच असू द्या, आणि आईंना वाटून घेऊ.

तुमची वहिनी