कार्डावरची गल्ली

लातूर, शुक्रवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. क्लासच्या लेक्चरसाठी जागा हवी म्हणून आईचा व्हिडिओ मीच डिलीट केला. भूकंपात गेलेली आमची गल्ली ती त्यात एकेक घर, नावानिशी सांगत होती.

डिलीट झालेलं परत काढून मिळेल का म्हणून मेमरी कार्ड घेऊन मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकच विचारलं, "सर, नंतर ह्याच कार्डावर काही रेकॉर्ड केलं का?"

केलं ना! गैरहजर पोरांसाठी दोन तास.

"मग त्याच्यावर चढलं ते."

रिकव्हरीत निघालं काय, तर माझंच जुनं लेक्चर. फळा आणि माझी पाठ. पोरांवर रोज ओरडतो, आधी प्रश्न नीट वाचा. आणि मी? डिलीट करण्याआधी फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही.

आई म्हणाली, "मी हाय की अजून. बस, परत सांगते."

"रविवारी," मी म्हणालो.

रविवारी टेस्ट आहे.