कार्मेनाचं दार

डून लेरी, १२ मे २०२४

ती. संध्यामावशीस रेवाचा शि. सा. न.

पत्र हातानेच लिही, असा तुझा हुकूम. आता अक्षर लावून घे. आम्ही परवा माल्ट्याच्या गोझो बेटावरून परतलो. बाहत्तर साली गिरीशकाका माल्ट्याच्या गोदीत नोकरीला असताना त्यांनी जिथून जिथून स्लाइडा काढल्या, तिथेच उभी राहून मी फोटो काढले. मिठागरं तशीच आहेत. कोळी जाळी विणायचे त्या धक्क्यावर मात्र आता छत्र्या आणि आइस्क्रीम. अभिजितला इथल्या लोकांसारखं सगळंच ‘ग्रँड’ वाटलं. माझ्या नवऱ्याला आयर्लंडचं पाणी चांगलंच लागलंय.

तू एकच विचारलं होतंस, कार्मेनाचं दार आहे का. तुम्ही दोघी तिच्या पायरीवर शेंगा सोलताय, ती स्लाइड स्कॅन करून नेली होती. त्यात दिसतं तसं चर्चच्या उजव्या हाताला गेले, तर तिथे मोठं हॉटेल. मला फार वाईट वाटतंय, मावशी.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी रेवा

पुणे, २९ मे

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नव्हता. माझं पहिलं बाळ तिथेच गेलं. कार्मेनाची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तरी ती मला रोज आपल्या पायरीवर शेजारी बसवून घ्यायची. हे गेल्यावर ते दिवस पाहिलेलं माणूस म्हणजे तीच एक.

काल सूनबाईने तू तिला पाठवलेला स्कॅन मोठा करून दाखवला. अगं शहाणे, माझा पदर उजव्या खांद्यावर? गुजराथी पदर मी कधी घेतला होता? स्कॅन करताना स्लाइड तू उलटी ठेवलीस, डाव्याचं उजवं झालं. जन्म जीन्समध्ये गेला, तुला कळणार कसं. घर चर्चच्या डाव्या हाताला बघ. जमलं तर पुन्हा जा.

प्रकृतीला जप, आणि म्हातारीचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

तुझी मावशी

डून लेरी, ३० जून

ती. मावशीस सा. न.

तुझा पदर खरा निघाला. डाव्या गल्लीत दार आहे आणि दारात कार्मेनाही आहे. नव्वदी ओलांडली, कान गेलेत. नातीने मी कोण ते सांगितलं, तेव्हा फोटोतल्या तुझ्यावरून तिने बोट फिरवलं आणि रडली. मीही रडले.

मग काका उभे होते तिथे मी उभी राहिले. कार्मेना पायरीवर बसली, पण अगदी कडेला. मध्ये बस म्हणून नातीने दोनदा सांगितलं, ती हलेना. उरलेली पायरी संध्याची आहे, म्हणाली.

फोटो सोबत आहे, या वेळी सुलटा. सूनबाईंना तुझा पासपोर्ट शोधायला सांग.

येशील तेव्हा रागाव, तोवर लोभ ठेव.

रेवा