तक्त्यातली एकोणिसावी ओळ

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे, दोन्ही वेळा जेवते. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही पुरते ऐकून न घेताच "सरांची माफी माग" म्हणालात, म्हणून लिहीत आहे. रक्तदाबाची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचा.

शस्त्रक्रियेच्या वेळी कुत्र्यांना शिरेतून भूल देण्याच्या दोन पद्धती मी प्रबंधासाठी ताडून पाहत आहे. एकीत औषध थोडे थोडे करून पुन्हा पुन्हा देतात, दुसरीत पंपाने संथपणे सतत सोडतात. प्रत्येक कुत्र्याची नोंद तक्त्यात एकेका ओळीत होते. संथ पद्धतीचे कुत्रे शांतपणे जागे झाले. फक्त एका तपकिरी कुत्रीचा श्वास मध्येच थांबला. मी चार मिनिटे फुगा दाबून तिला श्वास दिला. ती शेपटी हलवत घरी गेली.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "वाचली ना? मग काढून टाक तक्त्यातून. एका कुत्रीपायी सगळा निष्कर्ष नासवतेस!"

हजेरीलाही जिचा आवाज फुटत नाही, ती तुमची मुलगी म्हणाली, "सर, हा तक्ता वाचून उद्या कुणीतरी भूल देईल. फुगा हाताशी ठेव, हे त्याला कोण सांगणार?"

"घुमी समजत होतो तुला," असे म्हणून त्यांनी प्रबंध सही न करताच परत दिला. पदवी सहा महिने लांबेल. तोवर माझ्या पुस्तकांना वाळवी लागू देऊ नका.

बाबा, माफी मी मागणार नाही. ती कुत्री एकोणिसाव्या ओळीत आहे आणि तिथेच राहील.

एवढी एक आज्ञा सोडून बाकी सर्व पाळणारी,
तुमची लेक